आळंबे आणि शिंपली : एका डोंगराळ मुलखाचे दोन धंदे

इतिहासाची दप्तरे चाळू लागले म्हणजे असे दिसते की, ज्या वस्तूंसाठी लढाया झाल्या, ज्यांच्यावर जकाती बसल्या आणि ज्यांनी गलबतेच्या गलबते भरून गेली, त्यांच्याविषयी लिहिताना बखरकारांच्या दौतीतली शाई कधी आटली नाही. परंतु ज्यांच्यावाचून सामान्य माणसाची चूल पेटत नसे, अथवा ज्यांच्या आशेने एखाद्या राजघराण्याने तीन शतके डोंगरातल्या ओढ्याओहोळांवर देखरेख ठेवली, त्या वस्तूंच्या वाट्याला फार तर एखादी तळटीप येते. मध्य जर्मनीच्या डोंगराळ मुलखातील अशा दोन वस्तूंची हकीकत येथे एकत्र मांडावयाची आहे. त्यांपैकी एक आहे आळंबे. थुरिंगियाच्या रेन्श्टाइग डोंगररांगेवर बीच वृक्षांच्या म्हाताऱ्या खोडांना ते चिकटून वाढे. दुसरी आहे शिंपली. तेथून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर, सॅक्सनी राज्याच्या फोग्टलँड नावाच्या परगण्यात, पांढऱ्या एल्स्टर नदीला मिळणाऱ्या थंड ओढ्यांच्या वाळूत ती अर्धीमुर्धी रुतून पडलेली असे. आळंब्याचा उपयोग ठिणगी झेलण्याचा. शिंपलीचा उपयोग मोती देण्याचा. आळंब्याचे गिऱ्हाईक म्हणजे खिशात चकमक बाळगणारा कोणीही गाडीवान, लाकूडतोड्या वा शिपाई. शिंपलीचे गिऱ्हाईक एकच, आणि ते ड्रेस्डेनच्या राजवाड्यात राहत असे.

या दोघांना शास्त्राच्या पोथीत नाव मिळाले ते एकाच माणसाच्या हातून. स्वीडनचा निसर्गपंडित कार्ल लिनीअस याने १७५३ साली वनस्पतींची जी मोठी यादी प्रसिद्ध केली तीत हे आळंबे आहे, आणि १७५८ साली प्राण्यांची यादी नव्याने छापली तीत ही शिंपली आहे. आळंब्याला त्याने वनस्पतींच्या पंगतीत अगदी शेवटी, ज्यांना फूल दिसत नाही अशांच्या घोळक्यात बसविले. शिंपलीला कृमींच्या वर्गात ढकलले. दोन्ही ठिकाणची व्यवस्था पुढच्या पंडितांनी मोडली, पण लिनीअसचा शिंपलीशी संबंध नुसत्या नामकरणाचा नव्हता. नदीतल्या शिंपलीच्या कवचाला बारीक भोक पाडून, चांदीच्या तारेवर बसविलेला चुनखडीचा कण आत सारला असता त्याभोवती मोती धरतो, हे त्याने स्वतः करून पाहिले होते. ही युक्ती त्याने १७६१ साली स्वीडिश सरकारपुढे ठेवली आणि पुढच्या वर्षी ती पेटर बागे नावाच्या व्यापाऱ्याला विकली. बागे याच्या हातून त्या युक्तीचे काहीच झाले नाही. जपानी मोत्यांची शेती जगाने पाहिली ती याच्यानंतर दीडशे वर्षांनी. तेव्हा लिनीअसचा सौदा हा व्यापाराच्या इतिहासातील मोठ्या गमावलेल्या संधींपैकी एक म्हणावा लागेल.

प्रथमदर्शनी या दोन जीवांत साम्य ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. एक रानातला, एक पाण्यातला. एकाच्या पेशींना कायटिनचे वेष्टन, दुसरीला चुन्याचे कवच. तथापि दोन्ही हातांत घेऊन पाहिली तर पहिली गोष्ट नजरेत भरते ती वयाची. आळंबे घोड्याच्या खुरासारखे दिसते, रंगाने राखी, वरून दगडासारखे कठीण. आणि त्याच्या पाठीवर एकाखाली एक असे पट्टे उमटलेले असतात, कारण ते एका पावसाळ्यात उगवून कुजणाऱ्या भूछत्राच्या जातीचे नव्हे, ते वर्षानुवर्षे जगते आणि दरसाल खालच्या अंगाला सूक्ष्म नळ्यांचा नवा थर चढविते. शिंपलीच्या काळपट कवचावरही वाढीच्या अशाच रेषा असतात. मात्र आळंब्याचे आयुष्य दहावीस वर्षांचे, तर मध्य युरोपातली ही शिंपली सहज शंभरी ओलांडते आणि उत्तरेकडच्या थंड नद्यांत दोनशेच्याही पुढे जाते. तिच्या कवचाचा सर्वांत जुना भाग, म्हणजे बिजागरीजवळचा उंचवटा, बहुधा झिजून खडबडीत झालेला असतो. कारण तिला मानवते ते पाणी चुन्याने अत्यंत गरीब असते, आणि असे पाणी तिच्या कवचातलाच चुना हळूहळू खात राहते. चुन्याचे घर बांधणाऱ्या जीवाने चुना नसलेल्या पाण्यातच नांदावे, हा निसर्गाचा विक्षिप्तपणा खरा.

दुसरे साम्य परावलंबनाचे. आळंब्याचे बीजाणू तासाला कोट्यवधींच्या संख्येने वाऱ्यावर उधळले जातात. त्यांतला एखादा बीच किंवा भूर्ज वृक्षाच्या मोडलेल्या फांदीच्या जखमेत पडला तर तो आत शिरतो, लाकूड पांढरे, भुसभुशीत करीत जातो, आणि एखाद्या वादळी रात्री ते झाड जमिनीपासून पुरुष-दोन पुरुष उंचीवर मोडून पडते. झाड आडवे झाले तरी आळंबे मरत नाही. नळ्यांची तोंडे नेहमी भूमीकडेच असली पाहिजेत असा त्याचा नेम असल्यामुळे ते आपल्या वाढीची दिशा काटकोनात वळविते, आणि पडलेल्या खोडावरच्या जुन्या आळंब्याच्या अंगावर नवे आळंबे वेगळ्याच रोखाने फुटलेले दिसते. शिंपलीचा प्रपंच याहून नाजूक. मादी एका उन्हाळ्यात लाखो अर्भके पाण्यात सोडते. त्यांतल्या ज्या थोड्यांना ट्राउट किंवा सामन माशाच्या कल्ल्यावर पकड मिळते तीच वाचतात, कित्येक महिने त्या माशाच्या जिवावर राहतात, मग गळून वाळूत पडतात आणि चारपाच वर्षे वाळूच्या आत दडून वाढतात. त्या काळात वाळूच्या कणांमधून स्वच्छ पाणी खेळते राहिले पाहिजे. गाळाने फटी बुजल्या की सगळी पिढी गुदमरते. झाड नसेल तर आळंबे नाही, मासा नसेल तर शिंपली नाही. या परावलंबनाची वार्ता पूर्वीच्या काळी कोणालाच नव्हती, हे पुढील हकीकतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयाचे आहे.

आळंब्याची सेवा फार पुरातन. इंग्लंडात यॉर्कशरमधील स्टार कार येथे, ग्रॅहम क्लार्क याने १९४९ ते १९५१ या काळात उत्खनन केलेल्या मध्याश्मयुगीन वस्तीत, हे आळंबे सापडले आहे. आल्प्स पर्वतातील हिमनदीवर १९९१ साली जो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा पुरुष गोठलेल्या अवस्थेत मिळाला त्याच्या कमरेच्या बटव्यातही ते कुटून ठेवलेले होते. हिपोक्राटीसच्या काळचे ग्रीक वैद्य त्याने डाग देत. अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधले शस्त्रवैद्य अवयव कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी ते जखमेवर दाबून धरीत. परंतु त्याचे मुख्य काम अग्नीचे. चकमकीची ठिणगी क्षणमात्र जगते. तेवढ्यात तिला झेलून, ज्वाळा न करता, धुमसत ठेवणारी वस्तू लागते, आणि उत्तर व मध्य युरोपात या कामी ह्या आळंब्याची बरोबरी करील असे दुसरे काही नव्हते. तंबाखूचे व्यसन युरोपभर पसरल्यावर तर त्याला बरकतच आली, कारण चिलीम पेटवायला ज्वाळा लागत नाही, धुमसता तुकडा पुरतो.

पण झाडावरून काढले आणि खिशात घातले, इतके ते सोपे नव्हते. रेन्श्टाइगवरील नॉयश्टाट नावाच्या गावी हा धंदा घरोघरी चाले, आणि त्याची रीत अशी: आळंब्याचे वरचे टणक कवच सुरीने तासून काढायचे, खालचा नळ्यांचा थर छाटून टाकायचा, म्हणजे दोहोंच्या मध्ये तपकिरी रंगाचा, सांबराच्या कातड्यासारखा मऊ थर उरतो, कामाचा काय तो हाच. त्याच्या चकत्या पाडून त्या लाकडाच्या राखेच्या क्षारपाण्यात भिजवायच्या किंवा उकळायच्या आणि मग लाकडी हातोड्याने ओट्यावर ठेवून कुटायच्या. कुटताना त्या ताणायच्याही असतात. तळहाताएवढी चकती कुटणाऱ्याचा हात सराईत असेल तर पसरून हातरुमालाएवढी होते आणि तरीही फाटत नाही. अखेरीस सोऱ्याच्या पाण्यात बुचकळून वाळविली की तीवर पडलेली ठिणगी विझत नाही. सोरा न लावलेल्या मोठ्या चकत्यांच्या टोप्या, बंड्या आणि पिशव्याही करीत. न विणलेले, न कातलेले, झाडाच्या रोगातून उपजलेले हे वस्त्र. पण स्पर्शाला मखमलीच्या जवळचे.

हे आळंबे अगदीच बेवारशी होते असे म्हणता येणार नाही. ठिकठिकाणचे जंगल-अंमलदार ते गोळा करण्याचा हक्क मक्त्याने देत आणि मक्तेदार आपली माणसे रानात पाठवी. मात्र सरकारला त्यात मक्त्याच्या रकमेपलीकडे रस नव्हता. आळंबे म्हणजे झाडाची कीड. कोणी ती काढून नेऊन वर चार पैसे देत असेल तर अंमलदाराची हरकत कशाला असणार? त्याची निगराणी कोणी केली नाही, त्याची गणती कोणी ठेवली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन वनशास्त्र भरात आले. जुनाट, पोकळ बीच तोडून त्यांच्या जागी सरळसोट स्प्रूसच्या रांगा उभ्या राहिल्या आणि थुरिंगियाच्या रानात आळंबे दिसेनासे होऊ लागले. तेव्हा कुटणाऱ्यांनी माल कार्पेथियन पर्वतातून, हंगेरी-ट्रान्सिल्व्हेनियातून मागविण्यास सुरुवात केली. आळंबे गोळा करणाऱ्यांनी ते संपविले नव्हते. ते संपविले, ज्याला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते अशा माणसाने, निव्वळ रान नीटनेटके करण्याच्या नादात.

आपल्याकडे गारगोटीच्या ठिणगीला कापूस पुरे होता, आणि तोड्याच्या बंदुकीला सुताची जामगी. त्यामुळे महाराष्ट्रात अशा धंद्याला वाव नव्हता. तरी झाडावरच्या आळंब्याशी आपली ओळख नाही असे कोणी समजू नये. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर वाढणारा फणसोंबा सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर लावतात. आणि त्याच घरात तान्ह्याला दूध पाजायला घासूनपुसून ठेवलेली शिंपही असे. एका बाळाच्या तोंडाशी आळंबे आणि शिंपली ही दोन्ही अशा रीतीने येत असत, एवढे सांगून पुन्हा जर्मनीकडे वळतो.

सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तेथला सत्ताधीश, योहान गेओर्ग पहिला याने १६२१ साली फर्मान काढून आपल्या राज्यातील मोत्यांच्या शिंपल्या खालसा केल्या. म्हणजे त्या ज्या ओढ्यात असतील तो ओढा कोणाच्याही जमिनीतून वाहो, त्यातला मोती सरकारचा. साल पाहण्यासारखे आहे. तीस वर्षांच्या युद्धाला तोंड लागून तीन वर्षे झाली होती आणि लढाईच्या दिवसांत राजे लोकांची नजर ओढ्याच्या तळापर्यंत पोहोचते. ओएल्स्निट्स गावचा एक कापडवाला, मोरित्स श्मिर्लर याची पहिला सरकारी मोतीकाढ्या म्हणून नेमणूक झाली. पुढे युद्धाची धाड त्या परगण्यावर आली, १६३२ साली होल्क या सेनापतीच्या फौजांनी फोग्टलँड लुटून फस्त केले. पण श्मिर्लर घराण्याकडचे मोतीकाढीचे काम त्या धुमश्चक्रीतूनही टिकले आणि बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे असे थेट विसाव्या शतकापर्यंत चालत आले. आपल्याकडच्या जुन्या वतनांची ज्यांना माहिती आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. वतनदाराची सगळी लक्षणे येथे दिसतात: पगार बेताचा, मान मोठा, आणि धंद्याचे मर्म घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा कटाक्ष.

ते मर्म तरी काय होते? उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी ओसरले आणि अंगाला सोसेल इतके झाले की मोतीकाढ्या पाण्यात उतरे. सगळे ओढे निरनिराळ्या टप्प्यांत वाटलेले असत आणि दरसाल थोडेच टप्पे तपासले जात, जेणेकरून एका टप्प्याची पाळी पुन्हा दहापंधरा वर्षांनी यावी. वाळूतून शिंपली उचलायची, लोखंडाच्या चपट्या, वाकड्या हत्याराने तिची दोन कवचे बोटभरही नव्हे, जेमतेम आत नजर जाईल इतकीच विलग करायची, मांसल पडद्याखाली फुगवटा दिसतो का ते पाहायचे. दिसला नाही तर शिंपली होती तेथे परत. मोती असून तो अपुरा असला तर कवचावर त्या वर्षाचा आकडा कोरून परत. पिकलेला असेल तरच तो काढून घ्यायचा. हजार शिंपल्या उघडाव्यात तेव्हा एखादा मोती हाती यावा असे हे काम, आणि तो मोतीही पुष्कळदा तपकिरी किंवा वेडावाकडा निघे. मोसम संपला की सगळा माल ड्रेस्डेनला रवाना होई. तेथे तेजस्वी, अर्धतेजस्वी, वाळूचे आणि बिघडलेले अशी त्याची प्रतवारी लागे. मन्नारच्या आखातात पाणबुडे टोपल्याच्या टोपल्या शिंपा काढून त्या किनाऱ्यावर कुजत घालीत आणि मग मोती वेचीत; त्या रीतीशी ताडून पाहता फोग्टलँडची ही कंजूष, जपून चाललेली, शिंपलीला जिवंत ठेवणारी रीत मला अधिक सुसंस्कृत वाटते, मग तिच्यामागचा हेतू केवळ खजिन्याचा का असेना.

बाहेरच्या माणसाने शिंपलीला हात लावणे हा गुन्हा होता. शेजारच्या बव्हेरियात तर मोत्यांच्या ओढ्यांकाठी, चोरांना जरब बसावी म्हणून, फाशीचे खांब उभारीत. हजारभर शिंपल्या फोडल्यावर चोराला मोती मिळणार आणि तोही बहुधा टाकाऊ; तेव्हा चोरी हा या धंद्यातला सर्वांत बिनफायद्याचा प्रकार असावा. तथापि चोराच्या हातून शिंपली मरते आणि वतनदाराच्या हातून ती जगते, हा भेद राजाला कळत होता, हे मान्य केले पाहिजे. ड्रेस्डेनच्या हिरव्या तिजोरीत, म्हणजे बलवान ऑगस्टने उभारलेल्या त्या प्रसिद्ध रत्नशाळेत, एल्स्टरच्या १७७ मोत्यांची एक माळ आहे. १७७ ही संख्या जाता जाता वाचली तर काहीच वाटत नाही. पण एकमेकांशी रंगात आणि आकारात जुळतील असे तेवढे मोती या ओढ्यांतून निघायला किती उन्हाळे आणि किती हजार शिंपल्या लागल्या असतील याचा अंदाज ज्याने केला, त्याला त्या माळेकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते.

गंमत अशी की, या सगळ्या काळात शिंपलीला पोरे होतात कशी, हेच कोणाला ठाऊक नव्हते. मोत्याच्या उत्पत्तीविषयी दंतकथा विपुल होत्या; आपल्याकडे स्वाती नक्षत्राचा थेंब, प्लिनीच्या ग्रंथात आकाशातले दंव. पण खुद्द शिंपलीच्या उत्पत्तीचा पत्ता नव्हता. येन्स राथके या पंडिताने १७९७ साली शिंपलीच्या कल्ल्यांत लाखो सूक्ष्म जीव पाहिले आणि हे शिंपलीला लागलेले परोपजीवी किडे होत असे ठरवून त्यांना तसे लॅटिन नावही देऊन टाकले. तिच्याच पोटची पोरे तिच्या अंगावरची कीड म्हणून नोंदली गेली! १८६६ साली फ्रान्झ लायडिग याला ही अर्भके माशांच्या अंगावर आढळली, तेव्हा कुठे खरा प्रकार उघडकीला आला. म्हणजे फर्मान निघाल्यापासून जवळजवळ अडीचशे वर्षे सरकार मोत्याचे रक्षण करीत होते, मोत्यासाठी शिंपलीचे करीत होते. पण शिंपलीसाठी ट्राउटचे आणि ट्राउटसाठी पाण्याचे रक्षण करावे लागते, हे सरकारच्या कोणत्याही कारकुनाला कळण्याचा मार्गच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आडोर्फ गावात शिंपलीच्या कवचाचाच धंदा निघाला. दोन कवचे घासून, चकाकी आणून, त्यांची पैशांची पाकिटे करायची, बटणे करायची, डब्यांवर नक्षी जडवायची. प्रवाशांत या मालाला मागणी फार. ओढ्यांतल्या शिंपल्यांनी ती भागणे शक्य नव्हते. प्रथम बव्हेरिया आणि बोहेमियातून कवचे आली, मग सातासमुद्रापलीकडची येऊ लागली, आणि शेवटी आडोर्फचा कारागीर जे घाशी त्याचा त्याच्या गावच्या ओढ्याशी काहीही संबंध उरला नाही. आज त्या गावी या धंद्याचे संग्रहालय आहे.

आता दोन्ही धंद्यांच्या अखेरीकडे येऊ. आळंब्याचा शेवट सरळ झाला. इंग्लंडात स्टॉकटन येथील औषधविक्या जॉन वॉकर याने १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या, पुढच्या दशकात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या स्वस्त झाल्या, आणि चकमक, पोलाद व आळंबे या त्रिकुटाची हजारो वर्षांची सद्दी एकदोन पिढ्यांत संपली. नॉयश्टाटच्या लोकांनी नशिबाला बोल न लावता काड्या करण्याचा धंदा धरला. त्या धंद्यातल्या पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कामगारांच्या जबड्यांची हाडे कुजत. १९०६ च्या बर्न येथील करारानंतरच त्या विषाला हळूहळू सर्वत्र बंदी झाली. आळंबे कुटून कुटून खांदे दुखत असतील, पण जबडा कोणाचा गळाला नव्हता. आपल्याकडे अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना निघाला तो १९२०च्या दशकात, आणि काडेपेटी खेडोपाडी दोन पैशांना मिळू लागल्यावर आपल्याही आजोबांच्या कनवटीची गारगोटी गेली. हा शेवट जगभर एकाच तऱ्हेचा आहे.

शिंपलीचा शेवट इतका सरळ नाही आणि त्याचे खापर कोणाच्या माथी फोडावे याविषयी घाई करणे योग्य नाही. राजांच्या लोभाने शिंपली संपली असे लिहिण्याची एक सोपी वहिवाट पडली आहे. स्कॉटलंडसारख्या ठिकाणी, जेथे कोणीही यावे आणि मूठभर शिंपल्या फोडून जावे असा कारभार होता, तेथे ते पुष्कळ अंशी खरेही असेल; ब्रिटनमध्ये १९९८ साली शिंपली मारण्यास अथवा तिला हात लावण्यास कायद्याने मनाई करावी लागली. पण फोग्टलँडात तसे घडले नाही. तेथे लोभ होता, परंतु तो दूरदर्शी लोभ होता. उद्याच्या मोत्यासाठी आजची शिंपली जपणारा. शिंपली मेली ती कापडगिरण्यांच्या सांडपाण्याने, रंगांच्या कारखान्यांनी, वाढत्या गावांच्या गटारांनी, शेतांतून वाहून आलेल्या गाळाने आणि ओढ्याकाठी लावलेल्या स्प्रूसच्या पानांनी आंबट झालेल्या पाण्याने. विसाव्या शतकात मध्य युरोपातल्या या शिंपलीची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. गिरणीच्या धन्याला मोती नको होता, शिंपलीशी त्याचे वैर नव्हते. ती तेथे आहे याची त्याला कल्पनाही नसेल. वनाधिकाऱ्याने जसे आळंबे संपविले तसेच हे. फरक इतकाच की, आळंब्याचे बीजाणू वाऱ्यावर तरंगत कार्पेथियनमधूनही परत येऊ शकतात आणि जखमी झाड सापडले तर ते धरतात. शिंपलीची अर्भके पाण्याबरोबर वाहून जातात आणि मासा भेटला नाही तर तेवढ्यावर कारभार संपतो. वर तिचे दीर्घायुष्यही फसवे. म्हाताऱ्या शिंपल्या दिसत राहतात, लोक म्हणतात ओढा ठीक आहे. आणि त्या वाळूत पन्नास वर्षांत एकही पोर जगलेले नसते.

थुरिंगियातल्या हाइनिख अरण्यात आता पडलेले झाड उचलत नाहीत. १९९७ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या जर्मन बीचवनांत त्याची गणना झाली. तेथे मोडक्या खोडांवर आळंब्याचे खुर ओळीने दिसतात आणि ते काढून न्यायला कोणी येत नाही. ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोंड गावी मात्र काही कुटुंबे अजूनही त्यांच्या चकत्या ताणून टोप्या करतात व प्रवाशांना विकतात. फोग्टलँडात शिंपलीसाठी वेगळीच खटपट चालली आहे. पोटुशा माद्यांची अर्भके जमवायची, हौदातल्या लहान ट्राउट माशांच्या कल्ल्यांवर ती चढवायची, वसंतात गळून पडली की चाळणीने वेचून काही वर्षे डब्यांत वाढवायची आणि मग ओढ्यात सोडायची. मोत्यासाठी शिंपली उघडण्यास आता कायद्याने मनाई आहे. त्यातल्या कोणत्या शिंपलीत मोती धरला आहे, हे आता सरकारलाही विचारायचे नाही.